शिनोळीत पहिली, उचगावात अजून बालवाडी

बाई, नमस्कार.

आम्ही बेळगावकडच्या उचगावजवळ, म्हणजे कर्नाटकात राहतो. माझी चिमी २० ऑगस्ट २०२० ची. तिचं युकेजी आता संपतंय. जूनमध्ये पहिलीत घालायचं म्हणून दप्तरसुद्धा आणून ठेवलं. पण शाळेत सांगितलं, १ जूनला सहा वर्षं पूर्ण पाहिजेत, हिला पाच वर्षं नऊ महिनेच होतात, एक वर्ष थांबा. माझं माहेर शिनोळी, सीमेपलीकडं महाराष्ट्रात. भावाचा मुलगा सप्टेंबरचा, म्हणजे चिमीपेक्षा महिन्यानं लहान. त्याचं नाव मात्र पहिलीत लागणार, कारण महाराष्ट्रात ३१ डिसेंबरपर्यंतचं वय धरतात. थोरले दीर लंडनला असतात. त्यांचा मुलगा चिमीच्याच महिन्यातला, तो आत्ताच पहिलीत आहे आणि फोनवर पुस्तक वाचून दाखवतो. सासूबाई म्हणायलेत, पोरीचं वर्ष वाया चाललं. ह्यांचे एक मित्र म्हणायलेत, तारीख मागं घेऊन दाखला करून आणू. आई म्हणते, चिमीला शिनोळीला ठेव, पहिली तिथं करू दे, दुसरीला घेऊन जा. आणि आमच्या ग्रुपवर सारखं फिरतंय की फिनलंडमध्ये सात वर्षांशिवाय मूल शाळेतच जात नाही. कोणाचं खरं धरू? आणि त्या दप्तराचं काय करू? ते रोज पाठीला लावून घरभर फिरते.

– चिमीची आई

ताई,

आधी उत्तर सांगते, मग कारणं. चिमी मागं पडणार नाही. तिला शिनोळीला ठेवू नका. जन्मतारखेला हात लावू नका.

तुमच्या शाळेनं जे सांगितलं ते काही शाळेच्या मनचं नाही. २००९ चा शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा या वयासाठी आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं वय तीन ते आठ ही पायाभूत पाच वर्षं धरली, त्यात तीन वर्षं बालवाडीची आणि मग पहिली-दुसरी. त्याला धरून कर्नाटकानं जुलै २०२२ मध्ये आदेश काढला की १ जूनला सहा पूर्ण हवीत. त्याआधी पाच वर्षं पाच महिने चालत होते. ज्यांची मुलं जुन्या हिशेबानं एलकेजीत गेली होती त्यांची ओढाताण झाली, अंमल पुढं गेला, आणि एप्रिल २०२५ मध्ये त्या एका वर्षापुरती पुन्हा पाच वर्षं पाच महिन्यांची सवलत मिळाली, तीही युकेजी पूर्ण केलेल्यांना. २०२६-२७ पासून सहा पूर्णच, हे त्याच वेळी जाहीर केलं होतं. पुन्हा सवलत येईल या आशेवर मार्च-एप्रिल घालवू नका. आणि समजा आलीच, तरी माझा सल्ला बदलत नाही. का, ते सांगते.

शिनोळीचं तुम्हाला लागलंय ते मला कळतं. तुरमुरी, बाची मागं टाकली की शिनोळी. तीच भाषा, तोच भात, तीच रताळी, आणि महिन्यानं लहान असलेला भाचा आधी पहिलीत. आपल्याकडे १ जून, तिकडे ३१ डिसेंबर, मधले सात महिने. या सात महिन्यांत जन्मलेलं प्रत्येक मूल तिकडे एक वर्ष आधी पहिलीत बसतं. भाचा हुशार म्हणून त्याला घेतला नाही आणि चिमी कमी म्हणून तिला थांबवलं नाही. सासूबाईंना एवढं एक वाक्य नीट सांगा, बाकीचं नंतर.

असं आपल्याच नशिबी आलंय असंही समजू नका. जर्मनीत प्रत्येक राज्याची तारीख वेगळी, कुठं जूनअखेर, कुठं सप्टेंबरअखेर. म्हणजे चिमीच्याच तारखेचं मूल एका राज्यात २०२६ मध्ये शाळेत जाणार आणि शेजारच्या राज्यात २०२७ मध्ये. तिथल्याही आया अशाच तळमळत असतील.

आता आपण चिमीलाच जगभर फिरवून आणू. तारीख तीच, २० ऑगस्ट २०२०. हॉलंडमध्ये असती तर चौथा वाढदिवस झाला की लगेच, म्हणजे २०२४ मध्येच, शाळेच्या पहिल्या वर्गात गेली असती. इंग्लंडमध्ये सप्टेंबर २०२४ मध्ये रिसेप्शनला, म्हणजे पहिलीआधीच्या वर्गाला, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये पहिलीला. तुमच्या पुतण्याचं हेच झालंय. चीनमध्ये ३१ ऑगस्टची तारीख, म्हणून सप्टेंबर २०२६. सिंगापूरमध्ये जानेवारी २०२७. दक्षिण कोरियात मार्च २०२७. जपानमध्ये एप्रिल २०२७. फिनलंडमध्ये ऑगस्ट २०२७, जवळजवळ सात पूर्ण होताना. आणि उचगावात थांबली तर जून २०२७, वय सहा वर्षं नऊ महिने. म्हणजे सिंगापूर, कोरिया, जपानची तिच्या तारखेची मुलं तिच्यापुढं दोन-पाच महिनेच आहेत, आणि फिनलंडची तर मागून येणार. सिंगापूरची मुलं २०२२ च्या पिसा या आंतरराष्ट्रीय परीक्षेत गणित, वाचन, विज्ञान तिन्हींत पहिली आली. पंधरा वर्षांच्या मुलांची ही परीक्षा. पहिलीला ती चिमीएवढीच मोठी होती.

म्हणून उशिरा घातलं की मुलं हुशार होतात, असं मात्र मी म्हणणार नाही. तुमच्या ग्रुपवरच्या फिनलंडच्या निरोपात नेमकी हीच चूक आहे. गेल्या वीसएक वर्षांत फिनलंडचे त्याच परीक्षेतले गुण बरेच उतरलेत, आणि शाळेचं वय तेव्हाही सात होतं, आजही सातच आहे. दुसरं, तिथं सात वर्षांपर्यंत मूल घरी बसतं हेही खरं नाही. सहाव्या वर्षी एक वर्षाची पूर्वशाळा असते आणि २०१५ पासून ती सक्तीची आहे. स्वीडननंही सहाव्या वर्षीचा तसा वर्ग २०१८ पासून सक्तीचा केला. फ्रान्समध्ये तर २०१९ पासून तिसऱ्या वर्षापासूनच शिक्षण सक्तीचं, पण त्यांची पहिली सहाव्या वर्षीच. तीन ते सहा हा काळ तिथं मॅटर्नेल शाळेत जातो.

तेव्हा 'शाळा' म्हणजे काय आणि 'पहिली' म्हणजे काय, हे विचारल्याशिवाय वय जुळवून उपयोग नाही. लंडनचा पुतण्या चौथ्या वर्षी ज्या रिसेप्शनला गेला तिथं पाणी, वाळू, ठोकळे, गोष्टी हेच जास्त. हेल्सिंकीचं सहा वर्षांचं मूलही तेच करतं, फक्त त्या जागेचं नाव शाळा नाही. आपल्याकडे मात्र पहिली म्हटलं की बाक, पाटी, वही, घरचा अभ्यास आणि तीन भाषा. इंग्लंडमध्ये पाच हे वय ठरलं ते १८७० च्या कायद्यात. मुलं लवकर शाळेत आली की लवकर सुटतील आणि कामाला लागतील, हाही हिशेब तेव्हाच्या चर्चेत होता. बालमन कुणी अभ्यासून ते वय काढलेलं नाही.

पुतण्या फोनवर वाचतो म्हणता. त्याचं कौतुकच आहे. पण इंग्रजीचं स्पेलिंग एक आणि उच्चार दुसरा, त्यामुळं त्यांना लवकर सुरू करून दोन-तीन वर्षं घासावं लागतं. फिनिशमध्ये लिहिलं तसं वाचायचं, मुलं काही महिन्यांत वाचू लागतात. आपली मराठी या बाबतीत फिनिशच्या जवळची. जोडाक्षरं आणि ऱ्हस्व-दीर्घ सोडले तर 'क'चा 'क'च राहतो. न्यूझीलंडमध्ये पाचव्या वर्षी वाचायला लागलेली आणि सातव्या वर्षी लागलेली मुलं ताडून पाहिली, तर अकराव्या वर्षाच्या सुमारास वाचनात फरक उरला नव्हता. पुतण्या आणि चिमी पाचवी-सहावीत भेटतील तेव्हा आधी कोण वाचायला लागलं होतं हे घरात कुणाला आठवणारसुद्धा नाही.

आणि त्याची दुसरी बाजू तुमच्या जाऊबाईंना हळूच विचारून बघा. इंग्लंडमध्ये १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्ट असा वर्ग धरतात. २० ऑगस्टचं मूल वर्गात जवळजवळ सर्वांत लहान. उन्हाळ्यात जन्मलेल्या अशा मुलांना वर्षभर थांबवा म्हणून तिथं कितीतरी पालक अर्ज करतात. जे थांबणं चिमीला आयतं मिळतंय, ते तिथं मागून घ्यावं लागतं.

वर्गात सर्वांत लहान असणं म्हणजे काय, हे मी तीस वर्षं खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळांत पाहिलंय, आणि घरीही. माझी धाकटी मुलगी पाच वर्षं दोन महिन्यांची असताना मी तिला पहिलीत घातली. मीच शिक्षिका, हेडमास्तर ओळखीचे, तिला अक्षरं येत होती, नऊपर्यंतचे पाढे तोंडपाठ होते. कुणी अडवलं नाही. जुलैच्या पावसात एकदा मधल्या सुट्टीत ती वऱ्हांड्याच्या कोपऱ्यात उभी दिसली. बाकीची पोरं डबा खाऊन खेळायला गेली होती. हिच्या रेनकोटाची बटणं हिला निघत नव्हती, सांगायची लाज वाटत होती, म्हणून ती ओल्या रेनकोटातच डबा धरून उभी होती. सगळी सुट्टी. पाढे येत होते हो, बटण येत नव्हतं. चौथीपर्यंत ती 'मी सगळ्यात हळू' असंच म्हणत राहिली. ती हळू नव्हती. तिच्या बाकावरची मुलगी तिच्यापेक्षा अकरा महिन्यांनी मोठी होती. पाच वर्षांच्या आयुष्यात अकरा महिने म्हणजे केवढे, हे मला आई म्हणून कळलं नाही, बाई म्हणूनही कळलं नाही. ते आजही माझ्या मनाला लागून आहे, आणि म्हणूनच तुम्हाला इतकं लांबलचक लिहितेय.

माझ्या एकटीचाच अनुभव आहे असंही नाही. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात प्रवेशाची तारीख महाराष्ट्रासारखीच ३१ डिसेंबर. तिथं २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की डिसेंबरात जन्मलेल्या, म्हणजे वर्गात सर्वांत लहान असलेल्या मुलग्यांना अतिचंचलतेचं निदान जानेवारीतल्या मुलग्यांपेक्षा ३० टक्के जास्त वेळा मिळालं. मुलींत तर ७० टक्के. मूल नुसतं वयानं लहान असतं आणि त्याला आजाराचं नाव चिकटतं. आपल्याकडे निदान करत नाहीत, 'लक्ष नाही', 'दंगेखोर', 'रडका' म्हणतात. शिक्का तोच.

दक्षिण कोरियात २०२२ मध्ये सरकारनं शाळेचं वय एक वर्षानं खाली आणायचं ठरवलं. आईबाप आणि शिक्षक रस्त्यावर आले, काही दिवसांत शिक्षणमंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला आणि बेत सोडून दिला. पोलंडनं सातावरून सहावर आणलं, पालकांनी वर्षानुवर्षं विरोध केला, २०१६ मध्ये पुन्हा सात केलं. उलट नॉर्वेनं १९९७ मध्ये सातावरून सहा केलं ते टिकलं. एकूण बघाल तर जगातले बहुतेक देश सहाच्या आसपासच थांबलेत, आणि आपले जुने मास्तरही तिथंच थांबले होते. तुमच्या सासऱ्यांना विचारा, त्यांना आठवत असेल. बिगरीत नाव घालायला गेलं की मास्तर म्हणायचे, उजवा हात डोक्यावरून घे आणि डावा कान धर. बोटं कानाला लागली की पोर घेतलं. दाखल्यावर जन्मतारीख १ जून. आपल्या भागातल्या निम्म्या आजोबांचा वाढदिवस १ जूनला येतो तो त्यामुळं. पण त्या परीक्षेत शहाणपण होतं. लहान मुलाचं डोकं अंगाच्या मानानं मोठं असतं, हात आखूड असतात, सहा-साडेसहाच्या सुमारास हात पोचतो. कागद नव्हते तेव्हा मास्तर मूल बघायचे.

आता कागद आहेत, म्हणून तारखेचं बोलते. तो मित्र मदत म्हणूनच सांगत असेल, पण नको. दवाखान्याचा कागद, आधार, लसीचं कार्ड, रेशनकार्ड, सगळीकडे २० ऑगस्ट आहे. एका कागदावर वेगळी तारीख पडली की दहावीच्या अर्जाला, पासपोर्टला, नोकरीला प्रत्येक ठिकाणी त्या पोरीला प्रतिज्ञापत्र घेऊन उभं राहावं लागेल. तुम्ही वाचवलेलं एक वर्ष ती पुढं हेलपाट्यांत भरेल.

शिनोळीचंही तसंच. आजोळ चांगलंच, पण पाच वर्षांची मुलगी आईपासून वर्षभर लांब, का, तर पुढच्या वर्षी दुसरीत बसावी म्हणून. तिकडची पुस्तकं वेगळी, शाळा जूनच्या मध्यावर भरणार, कन्नड नाही. दुसरीला इकडे आणली की वर्गातल्या मुलांचं एक वर्ष कन्नड झालेलं, हिचं शून्य, आणि वयाचा प्रश्न दाखला बदलताना पुन्हा निघू शकतो तो निराळाच. आईला सांगा, मे महिनाभर ठेवते, दिवाळीला ठेवते. पण शाळेसाठी नको.

कन्नडचं काढलंच आहे तर थोडं मोकळं बोलते, कारण आपल्या भागातल्या मुलांसाठी हे वर्ष मला सर्वांत मोलाचं वाटतं ते त्याचसाठी. २०१५ च्या कायद्यापासून पहिलीपासून कन्नड सक्तीचं आहे. मराठी माध्यमात गेली तरी चिमीपुढं देवनागरी, कन्नड आणि इंग्रजी अशा तीन लिप्या एका वर्षाच्या आत येणार. त्याबद्दल मोठ्यांचे वाद असोत. मुलाच्या बाजूनं पाहिलं तर प्रश्न इतकाच की ती भाषा आधी कानात आहे की नाही. जिनं गल्लीत लपाछपी खेळताना 'ओंदु, एरडु, मूरु' म्हटलंय, तिला वर्गात त्याच अंकांची भीती वाटत नाही. जिच्या कानावर कन्नड पहिल्यांदा फळ्यासमोरच पडतं, तिला ती परक्याची भाषा वाटते, पुढं कितीतरी वर्षं. शेजारी कन्नड घर असेल तर चिमीला रोज तासभर तिथं खेळायला सोडा. बेळगावला जाताना बसच्या पाटीवरचं एखादं अक्षर तिला ओळखीचं करून द्या, सीबीटी बसस्थानकापर्यंत ती तेच शोधत बसेल. लिहायला लावू नका. मराठीही तशीच कानानं भरा. तिची मराठी जितकी भरलेली असेल तितकी कन्नड तिला सोपी जाईल.

मग वर्षभर तिनं करायचं काय? तेच युकेजी त्याच वह्यांसकट पुन्हा करायला लावू नका, कंटाळेल आणि शाळेवरून मन उडेल. शाळेत जाऊन विचारा, तीच पुस्तकं पुन्हा गिरवायला देणार की काही वेगळं. उत्तर पटलं नाही तर गावातल्या अंगणवाडीत पाठवा. ती सहा वर्षांपर्यंत घेते आणि चिमीला ऑगस्टमध्येच सहा पूर्ण होतात, म्हणून वर्षभर ठेवतील का ते आधी विचारून घ्या. कमीपणा मानू नका. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला गरीब मुलांसाठी बालवाडी काढली, त्यांना अनुताई वाघ येऊन मिळाल्या, आणि दोघींनी अंगणात, झाडाखाली, शंख-शिंपले-बिया घेऊन जे उभं केलं ते आजच्या महागड्या माँटेसरीला शिकवण्यासारखं आहे. तुमच्या घरी तर रताळी आहेत. काढणीला टोपलीत दहा-दहा मोजू दे, लहान-मोठी वेगळी करू दे, कुठली टोपली जड ते उचलून सांगू दे. पहिलीचं अर्धं गणित त्यात आलं. भाकरीचं पीठ मळू दे, शेंगा सोलू दे, बटणं लावू दे. बोटांत जोर आला की अक्षर आपोआप सुधारतं, गिरवून गिरवून फक्त हात दुखतो. रात्री गोष्ट सांगा आणि दुसऱ्या दिवशी तिच्याकडून ती आजीला सांगवा. आधी काय, मग काय, हे तिला क्रमानं सांगता आलं की वाचलेलं कळायची तयारी झाली. सासूबाईंना या कामाला लावलंत तर वर्ष वाया गेल्याचं त्यांचं बोलणं महिन्याभरात थांबेल, हे मी अनुभवानं सांगते.

एवढं मात्र बघा. दोन कामं एकदम सांगितली तर ती लक्षात ठेवून करते का, परक्याला तिचं बोलणं कळतं का, मागून हाक मारली तर वळते का. यात शंका वाटली तर वर्षभर थांबू नका, कान आणि बोलणं लगेच डॉक्टरांना दाखवा. आणि एखादी खासगी शाळा 'परीक्षा घेऊन बघतो, हुशार असली तर घेऊ' म्हणाली तर तिथून उठून या. प्रवेशासाठी मुलाची चाचणी घ्यायला शिक्षण हक्क कायद्यानंच बंदी आहे.

दप्तराचं विचारलंत. ते माळ्यावर ठेवू नका, तिच्या डोळ्यांसमोरून काढून घेतलं की तिला वाटेल आपण काहीतरी चुकलो. तेच घेऊन तिला बालवाडीला जाऊ दे. आत डबा, पाण्याची बाटली, रंगखडू आणि एक कोरी वही, रेघा नसलेली. वहीत ती काय काढते ते तारीख घालून ठेवा. आणि बाटलीचं झाकण आणि दप्तराचा बंद तिचा तिला लावता येतो का, ते तेवढं जूनच्या पावसाआधी बघून घ्या.

– तुमच्या बाई